डिकीचं माप

वृंदाची गाडी खाऱ्या वाऱ्यानं आतून खाल्ली.
वरून पांढरी, नीटस, रविवारी धुतलेली,
पण पायाशी रबरी चटई उचलली
की मिठबावचा रस्ता सरकताना दिसायचा.
मागच्या महिन्यात तिनं त्या भोकातून
एक खेकडा रस्ता ओलांडताना पाहिला
आणि गाडी थांबवून मला फोन केला, हसत.
मी हसलो नाही.
मी वही काढली.

बँकेत एकवीस वर्षं काढलेल्या माणसाला
रकान्यांशिवाय काळजी करता येत नाही.
मायलेज. जमिनीपासूनची उंची.
सर्व्हिसला कणकवली की कुडाळ.
पत्र्याची हमी किती वर्षांची,
आणि त्या हमीत समुद्र धरतात का.

तिला विचारलं, तुझं काय?
ती नुकती कुणाच्या गोठ्यातून आलेली,
दोन्ही हात नळाखाली कोपरापर्यंत.
म्हणाली, "नत्राचं भांडं उभं राहिलं पाहिजे.
आणि जरा पळाली पाहिजे."
पहिलं मी लिहून घेतलं.
दुसऱ्याला रकाना नव्हता.

शोरूमात ती भांडं घेऊनच शिरली,
गुडघ्याएवढं, ॲल्युमिनियमचं,
ज्यात उद्याची वासरं गोठून असतात.
आजगावकर नावाचा मुलगा पडद्याबद्दल बोलत होता,
पडद्यावर नकाशा, नकाशावर निळा ठिपका,
आणि ही एकेक डिकी उघडून
भांडं ठेवायची, झाकण लावून बघायची.
एकीत झाकण टेकलं.
एकीत भांडं बसलं पण गमबूट बसेनात.
तिसरी लाल, काळ्या टपाची,
जी मी घरीच पेन्सिलीनं खोडली होती,
"तरुण पोरांची" असं बाजूला लिहून.
मागची अर्धी सीट आडवी केली तिनं.
भांडं, बूट, दोरखंड, बादली,
वर हापूसची एक पेटी राहील एवढी जागा.
आजगावकर गप्प झाला.

मग नांदगाव तिठ्यापुढची ती वळणं.
सत्तेचाळीस वर्षांची माझी बायको
दुसऱ्या गिअरवर आली,
वळण संपायच्या आत पाय दाबला,
आणि गाडी अशी सुटली
की मी वरची कडी पकडली. मागे आजगावकरनंही.
देवगडच्या सड्यावर भावाची राजदूत
ती चोरून पळवायची, हे मला लग्नापासून माहीत होतं,
सासरे जेवताना सांगायचे तसं, गोष्ट म्हणून.
तेव्हा तिचे ओठ असे मिटलेले असत का,
हे कुणी सांगितलं नव्हतं.

रात्री मी नवा रकाना आखला.
"तातडीचे कॉल", लिहिलं नीट अक्षरात,
अडलेली गाय, मुणग्याची रात्र, वाचलेली दहा मिनिटं.
बावन्न हजार जास्त द्यायचे
तर कारण सभ्य हवं.
तिनं चष्मा लावून वाचलं, पेन मागितलं,
ते सगळं खोडलं
आणि लिहिलं: मला आवडते.

शेजारचे भाई मोंडकर गडग्यावरून म्हणाले,
"डॉक्टरणीक लाल गाडी? म्हशी बुजतल्यो."
"म्हशींका माझो वास कळता, भाई,"
ती म्हणाली, आणि हार घालायचा सोडून
आधी डिकीत बादली ठेवली.

जुनी गाडी भंगारवाल्यानं टेम्पोवर चढवली
तेव्हा मी आत होतो, चावीचं जोडपत्र शोधत.
खरं तर काही शोधत नव्हतो.

आता कधी मी तिच्या डाव्या बाजूला बसतो,
सवयीनं पायानं चटई सरकवतो.
खाली कोरा पत्रा.
ना रस्ता, ना खेकडा.
कुणकेश्वरचा उतार जवळ येतो,
ती गिअरवर हात ठेवते.
"पट्टा लाव," म्हणते.